नाझरसाहेबांचं कुंपण

रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, पहिल्या फांद्या बुलढाण्याहून साखरखेर्ड्याला आल्या त्या माझ्या सासऱ्यांच्या मांडीवर बसून. बैलांच्या दमणीत जागा कमी होती. म्हणून सासूबाई मागं ट्रंकांच्या आणि पितळी भांड्यांच्या मधे अंग चोरून बसल्या, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेला तो भारा मात्र पुढं, छत्रीखाली. चिखलीच्या मुक्कामात गोणपाटावर तीनदा पाणी शिंपडलं गेलं. सासूबाईंना कुणी पाणी विचारलं की नाही, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. जन्मभर दिवाणी कोर्टात नोकरी करून, नाझर या हुद्द्यावरून ते घरी बसायला आले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपुराहून निघायचे, बुलढाण्याला पोचायचे, आणि तिथं ज्या टेबलांवरून फिरायचे त्यातलं एक टेबल मामाजींचं. एवढ्या भांडवलावर उरलेलं आयुष्य काढायचं त्यांनी ठरवलं होतं. आम्ही सगळे 'मले', 'तुले' म्हणणारे. ते मात्र गावात पाय ठेवल्यापासून 'मला', 'तुला' असं पुस्तकातल्यासारखं बोलू लागले. गावातली माणसं त्यांच्याशी बोलताना घाबरून अर्धी वाक्यं गिळायची, आणि मामाजींना तो आपल्या भाषेचा प्रभाव वाटायचा.

फांद्यांची गोष्ट त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली. साहेबाच्या बंगल्याभोवती या झाडाचं कुंपण होतं, बाराही महिने फुललेलं, कातरीनं कापून गोल केलेलं. आणि निरोपाच्या दिवशी खुद्द मड्डमबाईंनी या फांद्या त्यांना आपल्या हातानं दिल्या. ऐकणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे गोष्ट वाढायची. धोब्याला सांगताना मड्डमबाईंनी नुसत्या फांद्या दिल्या. पाटलांना सांगताना त्यांनी त्यासाठी हातमोजे काढले. शाळेच्या मास्तरांपर्यंत गोष्ट पोचली तेव्हा त्यांनी चहासुद्धा विचारला होता.

आमच्या परसाला तोवर बोराटीच्या काट्यांचं कुंपण होतं. दरसाल नव्या फांद्या तोडून आणायच्या, रोवायच्या, संपलं. ढोर आत येत नव्हतं, आणि शेजारणीशी बोलायचं झालं तर पलीकडचं दिसत होतं. मामाजींनी ते 'खेडवळ' म्हणून उपटून टाकायला लावलं. माझ्या नवऱ्याच्या अंगावर शेतीचं सगळं काम असताना यांनी दोन दिवस खड्डे खणले. "कुंपण उपटून उन्हाळाभर ढोरं कशी आवरायची?" असं मी यांना आत विचारलं, तर म्हणाले, "पाहू." आमच्या यांचं सगळ्यावर हेच उत्तर होतं. लग्नात भटजींनी काही विचारलं असतं तरी हे 'पाहू' म्हणाले असते.

दोन फांद्या दाराच्या दोन बाजूंना लागल्या. बाकीच्या परसाच्या कडेनं, विहिरीच्या वाटेनं थेट नाल्यापर्यंत. मग निगा सुरू झाली. निगा हा मामाजींचा शब्द. पाणी मी वाहायची. सकाळी सहा घागरी, संध्याकाळी सहा. पाणी बुंध्याशी ओतायचं नाही, वीतभर लांब गोल करून ओतायचं. दुपारच्या उन्हात तुराट्यांचे तट्टे उभे करायचे, ऊन उतरलं की काढायचे. आठवड्यातून एकदा मुळाशी ताक. घरात ताक कमी पडलं तर आमच्या कण्यांवर कमी पडायचं, फांद्यांवर नाही. मामाजी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि माझी घागर किती तिरपी झाली ते पाहायचे.

"सूनबाई, हळू. ती काही ज्वारी नव्हे."

ज्वारीला मी कधी ताक घातलं नव्हतं, हे खरं.

इथं एक कबूल करून टाकते, नाहीतर सगळं खापर एकट्या म्हाताऱ्यावर फुटेल. पहिला बहर आला तेव्हा मला तो आवडला होता. पिवळे, केशरी, गुलाबी असे बारीक फुलांचे झुबके, एकाच झुबक्यात तीन रंग. पाला चोळला तर मांजर मुतून गेल्यासारखा वास यायचा, त्याला मामाजी 'विलायती सुवास' म्हणायचे, आणि मी नाक दाबून का होईना, मान हलवायची. विहिरीवर बायका थांबून विचारायच्या, "नाझराच्या घरची सून ना तू? एखादी फांदी दे ना." त्या विचारण्यात जी गोडी होती ती मी चाखली. कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे मी ठरवायची. पाटलीणबाईंना मोठी फांदी दिली, कारण त्या पाटलीणबाई. वाण्याच्या बायकोला काडी दिली, कारण एकदा तिनं मला गूळ ओला दिला होता. काडी लागली आणि फांदीपेक्षा जोरात वाढली. त्या झाडाला माणसांचं काही कळत नव्हतं.

मामाजी तर भारेच वाटत सुटले. सुलतानपूरचे पाहुणे आले, भारा. माझी नणंद संग्रामपूरला दिलेली, ती माहेरपणाला आली, जाताना लुगड्याबरोबर भारा. "तुमच्या डोंगराकडच्या मातीत तर फारच छान येईल," ते तिला म्हणाले. याबाबतीत त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

दुसऱ्या पावसाळ्यात झाडांनी मला पाणी मागणं बंद केलं. तिसऱ्यात ती माझ्या डोक्यावरून गेली. विहिरीची वाट दोन बाया शेजारी शेजारी चालतील एवढी रुंद होती, ती एकटीनं तिरपं होऊन जायची उरली. फांद्यांना बारीक आकडे असतात. घागर डोक्यावर घेऊन परतताना दंड ओरबाडून निघायचे. काळी फळं पिकली की बुलबुल आणि साळुंक्या तुटून पडायच्या आणि खाल्लेलं जिथं टाकायच्या तिथं नवं झाड. नाल्याचे दोन्ही काठ गेले, मग मारुतीच्या देवळाची मागची बाजू, मग गायरान. रानडुकरांना आयता आडोसा मिळाला. दिवसा त्या जाळीत पडायची, आणि ज्वारी हुरड्यावर आली की बाहेर यायची. शेजारपाजारचे लोक आमच्या यांना शिव्या देऊन गेले. हे म्हणाले, "पाहू."

आणि मामाजी? मामाजींनी खामगावहून एक मोठी कातर मागवली होती. रोज सकाळी अंघोळ करून, धोतर नेसून, ते दारातली दोन झाडं कातरायचे. दोन हिरवे गोळे, लाडवासारखे. एक पान बाहेर आलं तर मागं होऊन, डोळा बारीक करून पाहायचे आणि कच्च करून कापायचे. त्यांच्या पाठीमागं अख्खा नाला त्या झाडानं गिळला होता. परसाच्या पलीकडं ते जातच नसत. तिथं चिखल होता, आणि पायात बूट होते.

एकदा यांनी धीर करून विहिरीच्या वाटेवरची झुडपं तोडली आणि वाळल्यावर पेटवून दिली. मामाजी दोन दिवस यांच्याकडं पाठ करून जेवले. महिन्याभरात प्रत्येक जळक्या खुंटातून पाच-पाच, सात-सात फुटवे आले. मामाजींना तो मड्डमबाईंच्या झाडाचा विजय वाटला. "बघा, जातिवंत आहे," म्हणाले. यांनी विळा पुन्हा हातात घेतला नाही.

आमच्या परसाला लागून एका पिंजाऱ्याचं घर होतं. नवरा कापूस पिंजायला गावोगाव जायचा. हिवाळा लागला की गाद्या-रजयांच्या कामाला निघालेला माणूस मृगालाच परतायचा. घरी ती एकटी, माझ्या आईच्या वयाची. मी तिला चाची म्हणायची. बोराटीचं कुंपण होतं तेव्हा आम्ही त्यावरून बोलायचो, विरजण द्यायचो-घ्यायचो. रायमुनिया वाढली आणि मला तिचा नुसता आवाज ऐकू यायचा. मग तिनं एका कोपऱ्यात फांद्या मोडून हात जाईल एवढं भोक केलं. त्या भोकातून रोज सकाळी दुधाचा एक गडवा इकडं यायचा.

ते दूध माझ्या मुलीसाठी होतं. ती झाली तेव्हा मी तापानं दोन महिने अंथरुणाला होते. माझं दूध आटलं, आणि आमची गाय त्याच वेळी भाकड. चाचीला कुणी सांगितलं नव्हतं. पोर रडताना ऐकू आली, तिनं पहिल्या दिवशी गडवा पाठवला, आणि मग रोज. तिची गाय तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, तिसऱ्या वेताची. तिचं दूध पिऊन माझी मुलगी बसायला लागली, रांगायला लागली.

त्या साली पाऊस भाद्रपदातच तोंड फिरवून गेला. कडबा संक्रांतीपर्यंत संपला. गायरानात काडी उरली नाही; हिरवं होतं ते फक्त नाल्याच्या ओलीवरचं रायमुनियाचं रान. एरवी ढोरं त्याला तोंड लावत नाहीत, वासानंच मागं होतात. पण भुकेला वास येत नाही. चैत्रात एका सकाळी गडव्यात दूध निम्मं आलं. दुसऱ्या दिवशी तळाशी. तिसऱ्या दिवशी भोकातून चाचीचा नुसता हात आला, रिकामा.

"बहू, जरा इकडं ये. गाय पाह्य."

मी वळसा घालून गेले. गाय छपरात अंधाऱ्या कोपऱ्यात तोंड घालून उभी होती. खात नव्हती, रवंथ नव्हता. उन्हात आणली की थरथरायची आणि ओढून पुन्हा सावलीत जायची. डोळ्यांची पांढरी बाजू हळदीसारखी झालेली. नाकाड आणि कान सोलून निघाले होते, कातडी भाजल्यासारखी वर आलेली. चाचीनं कडुलिंबाचा पाला उकळून लावला, ताक पाजलं, मांडीवर गायीचं तोंड घेऊन भाकरीचा तुकडा चारून पाहिला. गाय जिभेनं तो बाहेर ढकलायची. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी ती बसली ती उठली नाही.

ज्या माणसानं तिला ओढून नेलं, तो कातडं काढून झाल्यावर चाचीच्या दारात आला. "बाई, पोटात समदा हाच पाला हाय," आमच्या कुंपणाकडं बोट करून तो म्हणाला. "चघळेला, पन जिरेला नाही. तसाच्या तसा."

चाची त्याच दुपारी आमच्या अंगणात आली. मामाजी ओसरीवर बसले होते. मी आतल्या दारामागं, मुलगी कडेवर.

"नाझरसाब, माही गाय मेली."

"ऐकलं. वाईट झालं," मामाजी म्हणाले. "म्हातारी होती."

"तिसऱ्या येताची गाय म्हातारी? तिच्या पोटात तुमचा पाला निंगाला."

"पाला माझा कसा? गायरान सरकारचं. गाय तुम्ही तिथं सोडलीत."

"गायरानात तो पाला लावला कोनं?"

"पाखरांनी," मामाजी म्हणाले. "पाखरांवर समन्स काढा."

आणि खटला जिंकल्यासारखे ते खुर्चीत मागं टेकले. जन्मभर दुसऱ्यांची भांडणं टेबलावरून सरकवलेल्या माणसाला आपल्या दारातलं भांडणही एक कागद वाटत होता.

चाचीनं दाराआड माझ्याकडं पाहिलं. "बहू, पोट्टीसाठी दुसरीकडं दूध पाह्यजो. माह्याजवळ आता नाही."

गाय तिची मेली होती, आणि ती मला सबब सांगत होती.

त्या संध्याकाळी मी यांना म्हणाले, "आपन चाचीले तोंड कसं दाखवाचं?" हे काय म्हणाले ते सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं यायच्या आत मी विहिरीवर गेले. पाणी खोल गेलेलं, दोर सगळा सोडावा लागत होता. तरी सहा घागरी आणल्या आणि दारातल्या त्या दोन लाडवांच्या बुंध्याशी ओतल्या. वीतभर लांब नाही, थेट बुंध्याशी. काळी जमीन चैत्रात दगड होते. ओली केल्याशिवाय कुदळ शिरत नाही. मामाजी कातर घेऊन बाहेर आले आणि मला घागर उपडी करताना पाहून खूश झाले.

"शाबास, सूनबाई. उन्हाळ्यात पाणी दिलंच पाहिजे."

मी घागर खाली ठेवली, भिंतीला लावलेली कुदळ घेतली आणि पहिला घाव घातला.

"काय करून राह्यली तू?" मामाजी ओरडले. पुस्तकातली भाषा पहिल्याच घावाला गेली.

मी तोवर त्यांच्यासमोर मान वर करून बोलले नव्हते. तेव्हाही मान वर केली नाही, पण बोलले. "मुळं काढून राह्यली."

"काऊन?"

"पोट्टीले दूध भेटत नाही म्हनून."

"अगं, ते मड्डमबाईनं दिलेलं झाड हाय!"

तेव्हा सासूबाई आतून बाहेर आल्या. त्यांच्या हाताला पीठ होतं. बाहेरच्या गोष्टीत त्या कधी पडायच्या नाहीत. त्यांचा आवाज अंगणापर्यंत येतो हेही मला तेव्हाच कळलं.

"कोन मड्डमबाई?" त्या म्हणाल्या. "बंगल्याच्या माळ्यानं कापून उकिरड्यावर फेकल्या होत्या त्या फांद्या. तुमी रस्त्यावर उभे राह्यले, कोनी पाहू नये म्हनून, अन् मले वेचाले धाडलं. माह्याच हातानं वेचल्या म्या."

मामाजींच्या हातातली कातर उघडीच राहिली होती. ती त्यांनी मिटली आणि आत गेले. दुपारी जेवताना भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोलले. मीठ बरोबर होतं.

तोडलं तर ते फुटतं, जाळलं तर जास्त फुटतं, हे आम्ही पाहिलं होतं. पहिल्या झाडापाशी मला कळलं की बुंध्याखाली, जमिनीत वीत-दीड वीत, लाकडाची एक गाठ असते आणि तिथून मुळं चहूकडं जातात. ती गाठ पूर्ण वर आली तर झाड मेलं. एवढासा तुकडा राहिला तर आपण फसलो. चाचीनं आवाज ऐकला, वळसा घालून पहार घेऊन आली, ती खड्ड्यात गाठीखाली घातली आणि तिच्यावर अंगाचा भार टाकला. गाठ निघाली तशी आम्ही दोघी मागं पडलो. चाची हसली. गाय मेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग एकदम तिला रडू आलं आणि ती तिथंच मातीत बसून राहिली. मी तिच्याजवळ बसले. मग उठून पुढच्या बुंध्याला पाणी घातलं.

तीन दिवस आम्ही दोघीच खणत होतो. चौथ्या दिवशी हे आले. शेतातून परतताना थांबले, जरा वेळ पाहिलं, माझ्या हातातली कुदळ घेतली आणि अंधार पडेपर्यंत खणलं. मला बरं वाटलं, आणि रागही आला, की यांना तीन दिवस लागले.

त्याच आठवड्यात यांनी आणखी एक केलं. त्यात 'पाहू' नव्हतं. आमच्याकडं एक कालवड होती, वर्षा-दीड वर्षात माजावर येईल अशी. एका सकाळी यांनी तिचं दावं सोडलं, कुंपणाचा जो भाग आम्ही मोकळा केला होता तिथून तिला पलीकडं नेलं आणि चाचीच्या खुंट्याला बांधलं.

"हे कायले?" चाची म्हणाली.

"राहू द्या," हे म्हणाले.

"जनली की पयलं वासरू तुमचं."

"नाही."

एवढंच बोलणं झालं. मुलीच्या दुधाची सोय पाटलांच्या वाड्यावरून झाली. त्यासाठी मला रोज तिथं अर्धा तास उभं राहून पाटलीणबाईंची दुखणी ऐकावी लागायची. मी ती ऐकली. त्यांच्याकडची मोठी फांदी आता त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीत शिरली होती, हेही ऐकलं.

आठवडा उलटला आणि मामाजी बाहेर आले. आले ते छत्री घेऊन. खुर्ची त्यांनी खणायच्या जागेजवळ, लिंबाच्या सावलीत ठेवायला लावली, आणि सूचना सुरू झाल्या. "गाठ पूर्ण काढा. तुकडा राहता कामा नये. मुळं उन्हात पालथी टाका." आम्ही तीन दिवसांत हात सोलून जे शिकलो होतो तेच ते आम्हाला शिकवत होते, आणि पुन्हा पुस्तकी भाषेत. चाचीनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुदळ कुठं पडली असती सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी ते चावडीवर म्हणाले, "मी ही मोहीम हाती घेतली आहे." गावकरी नाल्यावर यायला लागले. डुकरांनी ज्यांची ज्वारी खाल्ली होती ते आले, आणि खरं सांगायचं तर ते आले म्हणूनच नाल्याचा एक काठ मोकळा झाला. दोन बायांच्यानं तो झाला नसता. मामाजी प्रत्येकाला काम नेमून द्यायचे. स्वतः त्यांनी एक मूळ उचललं, तेही कुणाला तरी दाखवायला.

पावसाळ्याच्या तोंडाशी तालुक्याचे एक साहेब दौऱ्यावर आले. मामाजींनी त्यांना मोकळा काठ दाखवला आणि गायरानाकडं पाठ करून उभं केलं. गावाच्या हितासाठी एका निवृत्त माणसानं किती कष्ट घेतले, याचं साहेबांनी कौतुक केलं. पुढं तशा अर्थाचं एक पत्र आलं. मामाजींनी ते चौकटीत बसवून ओसरीवर लावलं. त्यात झाड आलं कुठून हे नव्हतं, गाय नव्हती, चाची नव्हती. कालवडसुद्धा मामाजींच्याच सांगण्यावरून दिली, असं ते पुढं सांगू लागले, आणि गावातली अर्धी माणसं ते खरं धरून चालायची.

मी चिडून चाचीला म्हणाले, "तुमाले काईच वाटत नाही?"

ती कालवडीची पाठ खरारत होती. "वाटते ना. पन मनाले हेच जास्त वाटते, म्हातारा जरासा लवकर जागा झाला असता तर गाय राह्यली असती. कागदाचं काय घेऊन बसली?"

मला तो मोठेपणा जमला नाही. आजही जमत नाही. मामाजी गेले तेव्हा मी रीतीप्रमाणे रडले, तेरावा नीट केला, आणि चौदाव्या दिवशी ती चौकट उतरवून कोठीत, पोत्यांच्या मागं ठेवली. यांनी पाहिलं. आणि कोठीचं दार ओढून घेतलं.

संग्रामपूरला नणंदेकडं मी एकदाच गेले, तिच्या मुलीच्या लग्नाला. तिनं मला मागच्या दारी नेलं. घरापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जमीन दिसत नव्हती. तेच पिवळे-गुलाबी झुबके, नजर जाईल तिथवर. गुरं चारायला लोकांना कोस-कोस लांबून वळसा घालावा लागत होता. नणंद म्हणाली, "सगळे मले म्हनतात, तुमच्याच दारातून निंगालं." ती बिचारी मनापासून शरमली होती. तिला काय सांगणार? डोंगर खणायला मी कुदळ आणली नव्हती.

आमच्या गावात निदान नाल्याचा काठ आम्ही राखला. दरसाल श्रावणात, जमीन मऊ असताना, चाची आणि मी वाकून रोपटी उपटत जायचो. बोटभर असतात तेव्हा दोन बोटांत धरून ओढली की मुळासकट येतात. एका वर्षी माझी मुलगी बरोबर होती, आठ-नऊ वर्षांची. तिनं मोठ्या झुडपाचा एक झुबका तोडून वेणीत खोवला. मी पाहिलं आणि काही विचार न करता तो ओढून काढला आणि तिला चापट मारली. केसही ओढले गेले.

"फुलानं काय केलं?" ती रडत म्हणाली.

चाची मला रागावली. माझ्यावर इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "पोट्टीवर काऊन काढते?" म्हणाली, आणि मुलीला जवळ घेतलं. मुलगी तिच्याजवळ हुंदके देत राहिली, आणि मी पुढची रोपटी उपटत राहिले. घरी येईपर्यंत ती चाचीचंच बोट धरून चालली. संध्याकाळी मी तिची वेणी सोडली, तेल लावून पुन्हा घातली, आणि परसातल्या गुलबक्षीचा गजरा करून तिच्या केसांत माळला. तिनं तो राहू दिला.